नावाखालचं नाव

“ताई, आमच्या जहाजाचं परत बारसं झालं!”

फोनमध्ये वारा घोंघावत होता आणि त्यातून धाकट्याचं हसू येत होतं. फोनबाईने गॅस बारीक केला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

“परत म्हणजे?”

“म्हणजे जुनं नाव पुसून नवं. मीच घातलं. दिवसभर दोरीला लोंबकळत होतो. कप्तान म्हणाला, तुझं अक्षर बरंय. ज्या अक्षरापायी मास्तरांनी कान पिळले, ते आता समुद्रात मिरवतंय बघ!” त्याने नवं नाव मोठ्या अभिमानाने सांगितलं. “आणि गंमत सांगू? जुनं नाव खरवडायला घेतलं, तर त्याच्याखाली अजून एक नाव. कांदा सोलावा तसं.”

“काय होतं?” तिने आपलं सहज विचारलं.

त्याने सांगितलं. फोनबाईचा हात गॅसच्या बटणावर तसाच राहिला.

“ऐकतेयस ना? गुरुवारी तुमच्याच बंदरात लागतोय. गादी घालून ठेव. जिथे जमीन हलत नाही अशा जागी दोन दिवस झोपणार आहे. मग समुद्राला रामराम. आता नाही जायचं परत.”

“बरं,” ती म्हणाली. “ये.”

फोनबाई हे तिला ऑफिसने दिलेलं नाव. बंदराच्या कार्यालयात मासेमारीच्या जहाजांचे निरोप घेणं आणि शेजारच्या देशांतल्या बंदरांशी बोलणं हे तिचं काम. काम तसं बिनबोभाट. समुद्रात चोरून मासे मारणाऱ्या जहाजांची एक यादी या सगळ्या देशांनी मिळून केलेली आहे. यादीतलं जहाज आलं की त्याला धक्क्यावर जागा द्यायची नाही, तेल-बर्फ द्यायचं नाही, मासळी उतरू द्यायची नाही. एका बंदराने हाकललं की दुसऱ्याने जवळ करू नये, म्हणून पुढच्याला लगेच कळवायचं. हे ठरवायला मोठमोठ्या माणसांच्या म्हणे कित्येक बैठका झाल्या. बैठका संपल्यावर उरलं ते फोन करणं. ते फोनबाईकडे आलं.

जहाजंही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. माणसाला बदनामी पुसायला जन्म जातो, जहाजाला एक डबा रंग पुरतो. नवं नाव, नवे कागद, नव्या देशाचा झेंडा, की झालं, गंगेत घोडं न्हालं.

पलीकडच्या देशातल्या बंदरात तिच्यासारखीच एक बाई होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. दोघींच्याही आईची नाही अशा तिसऱ्याच भाषेत त्या बोलायच्या, आणि ती भाषा दोघींना सारखीच मोडकी येत असल्यामुळे त्यांचं छान जमायचं. आधी जहाजांचं बोलणं, मग गुडघ्यांचं, मग सासूचं. आणि फोन ठेवताना पलीकडची दर वेळी एकच विचारायची, “ते जहाज दिसलं का गं?”

ते जहाज म्हणजे धाकट्याने सांगितलेलं सगळ्यात खालचं नाव. दोन वर्षांपूर्वी ते दिवे मालवून पलीकडच्यांच्या किनाऱ्यालगत घुसलं होतं. त्याच्या जाळ्यात एक लहान होडी अडकली आणि ओढली गेली. होडीत दोघे होते. त्यातला एक पलीकडचीचा दीर. ना होडी सापडली ना माणसं, आणि जहाजही जे नाहीसं झालं ते झालंच.

धाकटा त्या जहाजावर लागला तो गेल्या वर्षी. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आई गेल्यावर फोनबाईनेच त्याला वाढवलेलं. तो खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात हेसुद्धा तिला ठाऊक. त्याने आनंदाने बहिणीला एक गंमत सांगितली होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नव्या नावाच्या जहाजाचा निरोप आला. गुरुवारी धक्का हवा. साहेबांनी नाव यादीत शोधलं. सापडलं नाही.

“स्वच्छ आहे. द्या धक्का,” ते म्हणाले आणि चहाला गेले.

फोनबाई खुर्चीत बसून राहिली. गप्प बसायला काही करावंही लागणार नव्हतं. जहाज येईल, मासळी उतरेल, धाकटा हिशेब घेऊन घरी येईल आणि पाय ताणून झोपेल. बोललं तर जहाज जप्त, पोरगा चौकशीत, खलाशाचं कार्ड गेलं, वर्षाची मेहनत पाण्यात. आणि बोलणार कोण, तर सख्खी बहीण. तिला भावाचा राग येत नव्हता. राग आला असता तर सोपं झालं असतं. तिला नुसती भीती वाटत होती.

दुपारी पलीकडचीचा फोन आला. भलत्याच एका बोटीचं काम होतं. ते झालं. गुडघ्यांची चौकशी झाली. मग पलीकडची नेहमीसारखीच, उत्तराची फारशी आशा न धरता म्हणाली, “ते जहाज दिसलं का गं?”

नाही म्हणायची इतकी सवय झालेली होती, की ‘नाही’ ओठांवर आलंच होतं.

“आहे,” फोनबाई म्हणाली. “गुरुवारी आमच्याकडे लागतंय.” तिने नवं नाव सांगितलं. “पुढच्या टोकाला, उजव्या बाजूला खरवडा म्हणावं. दोन थर.”

पलीकडचीने एकेक अक्षर विचारून नवं नाव लिहून घेतलं. मग तिने विचारलं, “तुला कसं कळलं?”

“ते नको विचारूस.”

“नाही विचारत,” पलीकडची म्हणाली. आणि खरंच तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यानंतर चक्रं फिरली. फोनबाईने साहेबांना सांगितलं, पलीकडून खबर आहे. पलीकडचीने तिच्या साहेबांना सांगितलं, अलीकडून खबर आहे. दोन्ही साहेबांनी एकमेकांचे आभार मानले, आणि खबर नेमकी कुणाची हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. तिसऱ्या देशाने जुने फोटो पाठवले. जहाजाला सुगावा लागू नये म्हणून धक्का दिलेला तसाच ठेवायचा आणि लागलं की धरायचं, असं ठरलं. इतक्या देशांचं इतक्या पटकन एकमत झालेलं साहेबांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. ते दिवसभर खुशीत होते.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

“स्वतःच्या भावाला धरून दिलंस?”

“मी जहाजाचं सांगितलं.”

“आणि तो काय पोहत येतोय? त्याच्यातच आहे ना तो?” नवरा तसा गरीब माणूस, पण मेहुण्यावर त्याचा जीव होता. “अगं, यादीत नव्हतं. साहेबाने पास केलं होतं. तुला कुणी विचारलं होतं का?”

“तिने विचारलं ना.”

जेवण झाल्यावर नवऱ्यानेच माळ्यावरची गादी काढली आणि बाहेरच्या खोलीत घातली. फोनबाईने धाकट्याला फोन लावून पाहिला. लागला नाही. लागला असता तर आपण काय बोललो असतो हे तिलाही कळत नव्हतं.

गुरुवारी धक्क्यावर ही गर्दी. तीन देशांचे अधिकारी, त्यांच्याबरोबर पलीकडची. फोनवर भारदस्त वाटणारी ती बाई प्रत्यक्षात खांद्याएवढी निघाली.

“फोनवर तू जाड वाटतेस,” ती फोनबाईला म्हणाली आणि तिचा हात धरून उभी राहिली. तो हात तिने बराच वेळ सोडला नाही.

जहाज लागलं. धाकटा कठड्यावर कमरेपर्यंत वाकून हात हलवत होता. बहीण आपल्यासाठी कामावरून उठून आली, याचं त्याला कौतुक वाटत असावं. फोनबाईने अर्धा हात वर केला. तेवढ्यात एक अधिकारी पत्र्याची पट्टी घेऊन शिडीवर चढला. त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही. सरळ पुढच्या टोकाला, उजव्या बाजूला गेला आणि खरवडायला लागला.

धाकट्याने त्या माणसाकडे पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं. खाली आणखी एक नाव आहे हे जहाजावर चारपाच जणांना ठाऊक होतं, आणि किनाऱ्यावर एकीला. त्याचा हात खाली आला.

जबाब वरच्या लांबट खोलीत घेतले. साहेब विचारणार, फोनबाई टाइप करणार, परदेशी पाहुणे भिंतीशी बसणार. कप्तान बराच वेळ आवाज चढवून बोलत होता; चोराच्या उलट्या बोंबा. खलाशी एकेक करून येत होते, थोडक्यात उत्तरं देत होते आणि जात होते. मग धाकटा आला. पोरगा वाळला होता. समोरच्या खुर्चीत बसला आणि टेबलाच्या कडेकडे पाहत राहिला.

“नाव कुणी रंगवलं?”

“मी.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“कप्तानाच्या.”

“खाली कुठली नावं आहेत, हे बाहेर कुणाला सांगितलं होतंस?”

“नाही.”

त्याचे कान लाल झाले. साहेबांना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. फोनबाईने ‘नाही’ टाइप केलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढला. “हे बघ, खलाशांवर आमचा राग नाही. पण चौकशीला महिने जातील, तोवर सगळ्यांनी जहाजावरच राहायचं. ह्या गावात तुझं कुणी नात्याचं असेल तर सांग. त्यांच्या हमीवर घरी सोडता येतं. आहे कुणी?”

“कुणी नाही,” धाकटा म्हणाला.

फोनबाईची बोटं थांबली. हे आपल्याला वाचवण्यासाठी की आपल्याला टाकण्यासाठी, ते तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि लहानपणापासून असं कधी झालं नव्हतं. ती उभी राहिली.

“साहेब, मी आहे,” ती म्हणाली. “मी ह्याची बहीण. खबर माझीच होती.”

पलीकडचीला भाषा कळत नव्हती. तिने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे, आणि पदर नसलेल्या बायका करतात तसं तळव्याने तोंड झाकलं.

“खरं का रे?” साहेबांनी विचारलं.

धाकट्याने पहिल्यांदा मान वर करून बहिणीकडे नीट पाहिलं. कान आता लाल नव्हते.

“नाही साहेब,” तो म्हणाला. “मी ह्या बाईंना ओळखत नाही.”

साहेब दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग चष्मा चढवून ते हळूच म्हणाले, “बाई, काय लिहायचं?”

जबाब त्याचा होता. फोनबाई खाली बसली आणि तिने ‘कुणी नाही’ असं टाइप केलं.