आमच्याकडे हा भाग नंतर लागायचा

वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास आणि त्यामागून येणारी कूलरची अखंड घरघर एकत्र आली, की मला गजानन बोलायला बसलेला दिसतो. नागपूरची वैशाखातली दुपार बाहेर पांढरीफटक पडलेली असते, गल्लीत चिटपाखरू नसतं, आणि हा माणूस खिडकीजवळच्या लोखंडी खुर्चीत बसून, कूलरच्या आवाजावर आपला आवाज जेमतेम चढवून, आकाशगंगेच्या पलीकडच्या एका धुक्याच्या पट्ट्याविषयी सांगत असतो. बोलण्याआधी तो दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवतो आणि एक लांब श्वास सोडतो. हिंगण्याच्या कारखान्यात आठवडाभर लेथपुढे उभं राहिलेलं शरीर रविवारी असं टप्प्याटप्प्यानं खाली बसतं. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो, आणि अलीकडे त्याच्याकडे पाहिलं की मीही थकतो.

आम्ही लहान असताना मानेवाड्याच्या आमच्या गल्लीत केबलवाले काका होते. रविवारी सकाळी ते आपल्या चॅनलवर एक परदेशी कार्टून मालिका लावायचे, हिंदीत डब केलेली. सारस नावाचं अवकाशयान, त्याचा चिडका कप्तान, टिकटू नावाचा भित्रा यंत्रमानव, आणि सेल्का. सेल्का यानाची वाट शोधायची. पण नकाशा तिला लागत नसे, ती डोळे मिटून ताऱ्यांचा नाद ऐकायची आणि मग सुकाणू हलकेच वळवायची. गजाननाच्या घरी टीव्ही होता, म्हणून आम्ही तिघं तिथे जमायचो. तिसरी म्हणजे शेजारची वैशाली, जिच्या दोन घट्ट वेण्या आणि त्याहून घट्ट मतं मला आजही आठवतात.

एका रविवारी सेल्का गेली. धुक्याच्या पट्ट्यात सारस अडकलं होतं. बाहेर पडायची कवाडं आतून धरून ठेवायला कुणीतरी मागे राहणं भाग होतं, आणि ती राहिली. यान निसटलं, कवाडं मिटली, पडद्यावर फक्त करडं धुकं उरलं. आम्ही आठवडाभर सुतकात होतो. पुढच्या रविवारी सेल्का सुकाणूपाशी बसून टिकटूची टिंगल करत होती. आधीच्या एका भागात तिच्या हातावर पडलेला भाजल्याचा व्रणही नाहीसा झाला होता, आणि यानावरच्या कुणालाच त्याचं नवल वाटत नव्हतं.

त्या रविवारी गजानन पहिल्यांदा त्याच्या वयापेक्षा मोठा होऊन बोलला. त्या धुक्यात काळ सरळ जात नाही, तो वळतो, असं त्यानं सांगितलं. सेल्का दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. जखम धुक्यानं पुसली. आणि यानावरच्या लोकांच्या लेखी ती अजून गेलेलीच नाही, मग ते चकित कशाला होतील? पुढची कितीतरी वर्षं या विचारावर त्याचे मजले चढत गेले. कप्तान चिडका का, टिकटू धुक्याला का घाबरतो, सगळ्याची उत्तरं त्यातून निघायची. विरोध एकट्या वैशालीचा. "मेली ती," ती म्हणायची. "काकानं कॅसेट मागंपुढं लावली असन. हाताले येईन ते लावते तो." आम्ही दोघं मिळून तिला गप्प करायचो. ती गप्प व्हायची नाही.

पुढे गजाननानं तिच्याशीच लग्न केलं. त्यांच्या संसारात भाजीत मीठ कमी की जास्त, याच्याइतकाच सेल्का मेली की परतली हाही रोजचा वाद होता, आणि मी त्यातला कायमचा पंच. मी सीताबर्डीत चष्म्याच्या दुकानात बसतो. गिऱ्हाइकाला नंबर अचूक लागल्याशिवाय मला चैन पडत नाही, तरी त्या घरात मी कधी निकाल दिला नाही. तो वाद ऐकायलाच तर मी जात होतो.

वैशालीचं दुखणं लांबलं. शेवटच्या दिवसांत गजानन दवाखान्यात तिच्या उशाशी बसून धुक्याच्या गोष्टी सांगायचा, आणि ती डोळे न उघडता हसायची. "तुह्या धुक्यातून कोणी वापस येत नाही, गजू," ती म्हणाली होती, मी ऐकलं आहे. गेल्या वर्षी बाजारात संत्री यायला लागली तेव्हा ती गेली. त्यानंतर गजाननानं मोबाइलमधले फोटो उघडले नाहीत. उघडले की सर्वांत आधी दवाखान्यातलं दिसतं, तिचा वाळलेला हात, सलाईनची बाटली. त्याआधीच्या फोटोंकडे जायचा रस्ता त्याच हातावरून जातो. कारखान्यात कशाचा फोटो काढायचा असला तरी तो म्हणतो, तूच काढ, तुझ्याच फोनमधे.

आणि याच सुमारास ती मालिका सबंध मिळायला लागली. घरबसल्या, स्वच्छ चित्रात, प्रत्येक भागावर क्रमांक. इंटरनेटवर तिच्या चाहत्यांचा मोठा गट आहे. कुठकुठली माणसं तिथे सेल्काच्या मृत्यूवर तावातावानं भांडतात, तिच्या हातमोज्याच्या रंगावरून पानंच्या पानं लिहितात. गजाननानं एकदा कंपनीच्या बसमधे बसून आपला सगळा विचार हिंदीत लिहून टाकला. एका पोरानं फार आदरानं उत्तर दिलं, की दादा, तुम्ही भाग उलट्या क्रमानं पाहिले असावेत. सेल्का गेल्यावर मालिकेत परत येतच नाही. गजाननानं मला ते वाचायला दिलं आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. वैशाली जिंकली होती, आणि ते ऐकायला ती नव्हती. मला त्या अचूक पोराचा राग आला, जो मला एरवी कधीच आला नसता.

वैशाली आणि गजाननाची मुलगी मुक्ता चौथीत आहे. आई गेल्यापासून ती आईविषयी काही विचारत नाही. सेल्काविषयी मात्र सारखं विचारते. बापानं तिला झोपवताना वर्षानुवर्षं सांगितलं होतं, की सेल्का धुक्यात जाते आणि परत येते. आता बाप-लेक दर रविवारी एक भाग पाहत होते, क्रमानं, आणि तो भाग जवळ येत चालला होता. मला राहवलं नाही.

"तिले सांगून टाक ना बे," मी म्हणालो. "ती वाट पाहून राहिली."

"मले समजते." त्यानं तळहात गुडघ्यांवर ठेवले. "पण सांगू काय? आई खरी होती अन् मी लबाड?"

"लबाड काहून? चुकला होता तू."

"तिच्यासाठी तेच झालं ना गा."

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, त्याचा आवाज कोरडा झाला होता. तो उठला, बादलीनं पाणी ओतलं आणि ओल्या हातानं कपाळ पुसत तसाच भिंतीला टेकून उभा राहिला. काही माणसं दुःखात खचतात, काही कडक होतात. गजानन नुसता मंद झाला आहे. प्रत्येक गोष्ट करायला त्याला थोडा अधिक वेळ लागतो, आणि तो वेळ तो मागून घेत नाही, गुपचूप लावतो.

तो रविवार आला तेव्हा मी गेलो, पंच म्हणून नव्हे, नुसता सोबतीला. मुक्ता जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सेल्कानं कवाडं धरली, यान निसटलं, करडं धुकं पडदाभर पसरलं. मुक्ता हलली नाही. आता येईल, या खात्रीनं ती पाहत होती, आणि ती खात्री मला बघवत नव्हती. नावं सरकून गेली, आणि पुढचा भाग आपोआप सुरू झाला. सुकाणूपाशी भलतंच कुणीतरी बसलेलं होतं.

"बाबा?" ती म्हणाली.

गजाननानं रिमोट उचलला. त्याचा अंगठा बराच वेळ बटणांवर चाचपडला; मग तो मागे गेला, खूप मागे, आणि एक जुना भाग लावला. सेल्का सुकाणूपाशी बसून टिकटूची टिंगल करत होती. हातावर व्रण नव्हता.

"हा तं आपण पाह्यला," मुक्ता म्हणाली. "हा आधीचा आहे, बाबा."

"हो बेटा. आधीचाच आहे." त्याचा आवाज कूलरखाली बुडत होता. "सेल्का येत नाही वापस. तुही आई बरोबर म्हणे. पण आमच्या इथं हा भाग नंतर लागे."

मला वाटलं पोरगी चिडेल. तिनं बापाकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि तो आधी पाहिलेला भाग शेवटपर्यंत पाहिला. एके ठिकाणी ती हसलीसुद्धा. संपल्यावर ती उठली, चार्जिंगला लावलेला बापाचा मोबाइल काढून आणला आणि त्याच्या खुर्चीला खेटून उभी राहिली. लॉक तिला ठाऊक होतं. तिनं फोटो उघडले. पहिलाच आला तो वाळलेला हात. गजाननानं मान खिडकीकडे वळवली. तिनं मात्र घाई केली नाही, तो फोटो नीट पाहिला, दवाखान्यातले सगळेच पाहिले. मग बोटानं सरकत सरकत मागे गेली आणि एका व्हिडिओवर थांबली. गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर कुरडया घालणारी वैशाली, कपाळावर घाम, पदर कमरेला खोचलेला. "काहून काढून राहिला गा? केस पाह्य माह्ये!" असं ओरडून ती हसली, आणि त्या हसण्यानं ती कोंदट खोली भरून गेली.

"आपल्या इथं हा नंतर लागते, बाबा," मुक्ता म्हणाली.

गजाननानं मान वळवली. दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून तो पाहत राहिला, आणि मग कितीतरी महिन्यांनी रडला, आवाज न करता, पोरीच्या खांद्यावर हनुवटी टेकवून. मी कूलर बंद केला. व्हिडिओ पुन्हा लागला, पुन्हा लागला. बाहेरचं ऊन हळूहळू पिवळं होत चाललं होतं, गल्लीत कुणीतरी अंगणात पाणी शिंपत होतं, आणि मला आमचे ते केबलवाले काका आठवले, ज्यांना आम्ही काय पाहत आहोत याचा कधी पत्ताच नव्हता. काळ आपले भाग क्रमांक घालून लावतो, आणि त्याच्या क्रमात गेलेलं माणूस गेलेलंच राहतं; आठवण मात्र अजून हाताला येईल ती कॅसेट लावते.