पाटीची उलटी बाजू

मागच्या खोलीत दिवा टिकत नसे. तिची एक भिंत बाथरूमची, आणि वर पाण्याची टाकी, त्यामुळे खोली बारा महिने घामेजलेली. दिव्यामागची लाकडी फळी फुगायची, स्क्रू गंजायचे आणि एक दिवस दिवा वायरला लटकून खाली बघत बसायचा. वायर त्याच भिंतीतून येत होती; दुसरीकडून फिरवायची तर अर्धं घर फोडावं लागलं असतं. त्या भिंतीपासून घरातले सगळे सावकारापासून राहावं तसे लांब राहत.

थोरल्या सुनेला मात्र तीच खोली हवी होती. तिचं शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या दाराशी होतं. जाणारा-येणारा तिच्या कापडावरून पाय टाकून जाई आणि वर, ‘जरा आवर’ असंही सांगे. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या झग्यावर तेलाचा डाग पडला, तेव्हा तिने तो रात्रभर घासला आणि सकाळी नवऱ्याला गाठलं.

नवऱ्याला घरात सगळे बघूराव म्हणत, कारण कशालाही त्यांचं उत्तर ‘बघू’ एवढंच असे. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, “दिव्याचं तू मार्गी लाव, खोली तुझी.” बघूरावांच्या तोंडून दुसरं वाक्य आलं याचंच तिला इतकं अप्रूप, की ते वाक्य उलटंपालटं करून बघायचं राहूनच गेलं.

“ताई, एकट्या कुठे हिंडणार? मी येते ना,” धाकटी जाऊ म्हणाली.

धाकटी आपणहून कष्टाला तयार झाली, इथेच खरं तर थोरलीने थबकायला हवं होतं. ही बाई स्वतःचा चहाचा कपसुद्धा दुसऱ्याच्या हातात देऊन विसळायला लावणारी. पण थोरलीला इतक्या वर्षांत जोडीला कुणी मिळालं नव्हतं, आणि मिळालेली जोडी कोण पारखून घेतो?

दोघींनी बाजार पालथा घातला. जिथे जे स्वस्त दिसेल त्याचा तुकडा मागून आणायचा आणि बाथरूममधल्या बादलीत बुडवून ठेवायचा. भुशाच्या दाबलेल्या फळीचा दोन दिवसांत लगदा झाला. तेल पाजलेलं लाकूड जरा तग धरून होतं, पण कडेने काळं पडलं. फरशीचा तुकडा पाण्याला दाद देईना, मात्र भोक पाडताना मधोमध तडकला. धाकटी रोज तुकडे काढून दाबून बघे, बादली बदलून देई.

“ताई, तुमचा हा दवाखाना बरा चाललाय,” ती म्हणे. “सगळे रोगी पाण्यात.”

“वाचेल तो भिंतीवर जाईल.”

“आणि भिंतीखाली तुम्ही. राणीसारख्या.”

शेवटी पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानामागे कचऱ्यात त्यांना हवं ते सापडलं: प्लास्टिकची पांढरी जाड शीट. करवतीने कापली जाते, स्क्रू धरते, पाणी पीत नाही. पाटीवाला म्हणाला, “बिघडलेल्या पाट्यांचे तुकडे आहेत. चहाच्या पैशात न्या.”

थोरलीने ढीग उपसला आणि एका तुकड्याशी तिचा हात थांबला. कुणा शिंप्याची रंग ओघळलेली पाटी. त्यातला एकच शब्द शाबूत होता, लाल, ठसठशीत: शिवण. तिने तो तुकडा छातीशी धरला आणि लगेच, कुणी पाहिलं तर हसेल म्हणून, काखेत मारला.

धाकटीने पाहिलंच. “अक्षरं बाहेरच ठेवा ताई. खोली आहे की दुकान, लोकांना कळू दे.”

“नको गं. मिरवायला कशाला? भिंतीकडे तोंड करून राहू दे. मला ठाऊक असलं की झालं.”

तुकडा बादलीत आठवडाभर राहिला. जसा गेला तसाच बाहेर आला. त्या दिवशी थोरलीने मशीनला तेल घातलं, पडद्याचं माप घेतलं आणि स्वयंपाक करताना गुणगुणली. बघूरावांनी वर्तमानपत्र खाली करून आवाज कुठून येतोय ते पाहिलं.

वायरमन आला. तुकडा बोटांनी वाजवून म्हणाला, “वहिनी, हे कुठून पैदा केलंत? भारी आहे.” त्याने आरपार भोकं पाडली, न गंजणारे स्क्रू लावले, शब्द भिंतीकडे गेला. खालच्या निम्म्या भागावर मधोमध दिवा बसला. मेन स्विच चालू केला आणि खोली उजळली.

“आता उशाचं बटण,” तो म्हणाला. “वायर डाव्या हाताला सोडू की उजव्या?”

“कसलं उसं?”

“पलंगाचं. खिडकीशी पलंग येणार ना? धाकट्या वहिनींनी सांगितलंय. दिवा लोळता लोळता बंद करता यायला हवा म्हणाल्या. मुलाचं लग्न ठरलंय ना त्यांच्या.”

“कधी सांगितलं?”

“झाले बरेच दिवस. मी सांगितलं, आधी दिव्यामागे लावायला काही टिकाऊ मिळू दे. तर म्हणाल्या, ताई शोधताहेत.”

थोरलीने वायरमनचे पैसे चुकते केले, त्याला दारापर्यंत पोचवलं आणि मग स्वयंपाकघरात गेली. धाकटी आणि बघूराव दोघंही तिथेच होती.

“ताई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही,” धाकटीने विचारायच्या आधीच सांगितलं.

“म्हणून रोज बादली भरून देत होतीस?”

“दिवा कुणीतरी बसवायलाच हवा होता ना.”

बघूराव खाकरले. “नवं जोडपं आहे. त्यांना खोली नको का? तुझं मशीन काय, कुठेही मावतं.”

“तुम्ही हिला शब्द दिला होतात?”

“छे. फक्त ‘बघू’ म्हटलं होतं.”

“हिला ‘बघू’ म्हटलं तर खोली मिळते,” थोरली म्हणाली, “आणि मला ‘खोली तुझी’ म्हटलं तर ‘बघू’.”

धाकटीने कप पुढे सरकवला, विसळायला.

थोरलीने तो घेतला नाही. तिने मेन स्विच बंद केला, स्टूल आणि पेचकस घेऊन मागच्या खोलीत गेली. भोकं आरपार होती, त्यामुळे तुकडा उलटा करून लावायला फार वेळ लागला नाही. मेन पुन्हा चालू झाला, तशी दोघं दारात येऊन उभी राहिली. दिव्याच्या वर लाल अक्षरं झळकत होती: शिवण.

“अहो ताई, नवी सून या खोलीत येणार, आणि डोक्यावर हे?”

“तूच म्हणाली होतीस. अक्षरं बाहेर ठेवा.”

“भावजी, काढा हो ते.”

बघूरावांनी पेचकस घेतला, स्टुलावर चढले. ओल्या भिंतीकडे बघितलं. या भिंतीने एकदा त्यांना कोपरापर्यंत विजेच्या झिणझिण्या आणल्या होत्या. त्यांनी पेचकस या हातातून त्या हातात घेतला.

“बघू,” ते म्हणाले आणि खाली उतरले.

थोरली तोवर स्वयंपाकघराच्या दाराशी मशीनवर बसली होती. अर्धवट शिवलेली बाही तिने सुईखाली घेतली. थोड्या वेळाने धाकटी आली आणि जमिनीवर पसरलेल्या कापडावरून पाय उचलून पलीकडे गेली. ‘जरा आवरा’ मात्र त्या दिवशी म्हणाली नाही.