कडूची वाकडी करंगळी

माझी बायको कडूबाई वारून वीस दिवस झाले, तेव्हा तिच्या माहेरचे गुरुजी भेटायला आले. ईश्वरअप्पा. ऐंशीच्या पुढचा माणूस चारठाण्याहून तीन गाड्या बदलून एकटा गंगाखेडला आला. मला त्यांचं येणं आवडलं नाही.

कडूची डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. तिसरीत पाढा चुकला म्हणून याच माणसानं तिला निरगुडीच्या फोकानं मारलं होतं. फोकही तिनंच ओढ्यावरून तोडून आणला होता. ज्याला मार खायचा त्यानंच फोक आणायचा, अशी तेव्हा शाळेची पद्धत होती. तरी भाकरी थापताना ते बोट वर राहिलं की ती हसायची. "हे गुरुजींचं बोट हाय," म्हणायची. पंचमीला माहेरी गेली की आधी त्यांच्या घरी जायची.

मी तिला एकदाच मारलं. आमची लेक निकिता चौथीत गणितात नापास झाली म्हणून मी पट्टा काढला. कडू मधे आली आणि पट्टा तिच्या मानेवर बसला. त्याबद्दल ती कधीच बोलली नाही. त्यांच्या माराचं कौतुक, माझ्या माराचं नावही नाही. हे मला फार सलायचं.

निकितानं चहा दिला. मला राहवलं नाही.

"गुरुजी, बोट मोडलं तुमी, तरी ती तुमचंच गुण गायची. काय जादू केली?"

"जादू कशाची? ही निकिता कडेवर होती तवा आली. म्हणली, 'गुरुजी, हिला मामाकडं ठेवून तुमच्या शाळंत घालू का? बोटं शाबूत ऱ्हातील?' भर दुपारी, ओसरीवर! गल्ली बघायली. मी पाया पडलो तिच्या. चुकलं म्हणलो. पुन्हा फोक धरला न्हाई."

"मंग दर पंचमीला?"

"तपासायला यायची की! 'कुणाला मारलं का?' न्हाई म्हणलं की मंगच च्या प्यायची. रिटायर झालो तर म्हणती, 'नातवाला?' लय खमकी." त्यांनी डोळे पुसले. "तुमाला तर घरातच इचारत असंल."

"इचारायची की," मी म्हणालो.

निकिता दारात थांबली. "कवा, दादा?"

गुरुजी बशीकडे बघत बसले.

"न्हाई," मी म्हणालो. "मला कधीच न्हाई इचारलं."

"आन तुमी? सोताहून काय बोललात का तिला?" त्यांनी हळूच विचारलं.

मी कप खाली ठेवला. पट्ट्यानंतर पंचवीस वर्षं रोज ती मला जेवायला वाढत होती. हा माणूस मात्र एका दुपारी मोकळा झाला होता. त्या दुपारचा मला हेवा वाटला.

निकिता कप उचलायला आली.

"तुझ्या आईला तो पट्टा..." मी म्हणालो.

"तो मला मारायला काढला होता, दादा," ती म्हणाली, आणि कप न उचलता तिथंच उभी राहिली.