साखरेचं भांडं

धाकटीचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. जेवणाच्या टेबलावर पुन्हा तेच ग्लास मांडलेले: उंच, अरुंद, नळीसारखे. या घरात तीन पिढ्या फेसाळणारी पांढरी वाइनच बनत आलेली, त्यामुळे काहीही चाखायचं असो, कपाटातून हेच निघायचे.

आज मात्र चाखायची होती तिची लाल वाइन. उतारावरच्या काळ्या द्राक्षांची, दोन वर्षं तिनं लाकडी पिंपात पोटच्या पोरासारखी जपलेली. बाबांना आवडली तर उतारावरचे वेल राहणार, नाहीतर ते उपटून तिथेही पांढरी द्राक्षं लागणार.

"दादा, मोठ्या पोटाचे ग्लास आण म्हटलं होतं ना?"

"झाले हिचे नखरे सुरू! वाइन चांगली असेल तर कशातूनही चांगलीच लागते."

"मग बाटलीलाच तोंड लाव की!"

बाबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "नुसती तुरट गं. वास म्हणून नाही. काढून टाकू ते वेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वास येणार कुठून, कपाळ? काठोकाठ भरलेल्या नळीत वाइनला हलायला जागा नाही, वास साठायला पोकळी नाही. समोर साखरेचं काचेचं भांडं होतं, फुगीर पोटाचं, आत वळलेल्या तोंडाचं. तिनं साखर सरळ दादाच्या ताटात ओतली, भांडं खळखळून धुतलं, कोरडं पुसलं आणि बाबांच्या हातातला ग्लास ओढून त्यात रिकामा केला. दोनदा गोल फिरवून बाबांच्या नाकाखाली धरलं.

"आधी वास घ्या, मग बोला."

बाबांनी नाक खुपसलं ते वर काढेचनात. मग एक घोट घेतला, सावकाश.

"अगं, काय सुरेख आहे ही! हीच आधी का नाही दिलीस?"

"तुमचीच उष्टी आहे, बाबा!"

दादा ताटातल्या साखरेकडे बघत बसला. बाबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"सकाळीच माणसं लावलीत गं उतारावर," ते म्हणाले. "एव्हाना अर्धे वेल निघाले असतील."

"मग मला इथे कशाला बसवलंत? नाटक करायला?"

बाबा भांडं पुन्हा ओठांकडे नेऊ लागले, तसं तिनं ते हिसकावून घेतलं.

"तुम्ही तुमच्या ग्लासातूनच प्या," ती म्हणाली आणि भांडं तसंच हातात घेऊन उताराकडे धावत सुटली.