हे दूध विरजू नका

शनिवारी सकाळी आमच्या गावच्या दूध केंद्रापुढं एवढी गर्दी जमली, की कळंबच्या एसटीचा ड्रायव्हरसुद्धा गाडी फाट्यावर उभी करून बघायला आला. बघायला काय होतं? दूध! तीन दिवसांपूर्वीचं, एप्रिलच्या उकाड्यात ठेवलेलं आणि तरीही न नासलेलं दूध.

ते ज्या पेटीत होतं तिला झेंडूचा हार घातलेला, हळदीकुंकू वाहिलेलं, पुढं नारळाच्या करवंट्यांचा ढीग. पेटी चकचकीत स्टीलची, आत निळा उजेड. शेजारी तिचा मालक रणधीरदादा. पूर्वीचे बाबा भगवं घालायचे, हा त्या उन्हात काळं जॅकेट घालून उभा! गळ्यात माळेऐवजी ओळखपत्र, हातात पोथीऐवजी लॅपटॉप.

"माताभगिनींनो, ही पेटी नाही, ही क्रांती आहे!" तो माइकवर ओरडला. "झिरो वीज, झिरो बर्फ, झिरो कार्बन! आमच्या 'चिरक्षीर' स्टार्टअपनं दुधाची स्मृती जागी केलीय. आपण म्हशीच्या पोटात होतो हे दुधाला आठवतं, आणि ते नासायचं विसरून जातं!"

"म्हशीला सोताचं रेडकू ध्यानात ऱ्हाईना, अन् दुधाला म्हैस आठवती व्हय?" मागून उत्तरेश्वरकाका म्हणाले.

"गप बसा वो! लई शाने!" बायका त्यांच्यावर धावून गेल्या.

बचत गटाच्या अध्यक्ष द्वारकाबाईंनी किटलीत नाक घातलं. अख्ख्या गावात त्यांच्या नाकाला मान. कुणाच्या दुधात किती पाणी, हे त्या वासावरून सांगतात. त्यांनी मान वर केली आणि हात जोडले. "ताजं हाय." झालं! "उदो उदो" सुरू.

"चव बघू का?" त्यांनी विचारलं.

"लाँचच्या आधी नाही, मावशी. आणि एक पथ्य. हे दूध कधीही विरजायचं नाही. विरजलं की ऊर्जा मोडते."

मग त्यानं सोमवारचा बेत सांगितला. सोमवारपासून अंगणवाडीतल्या पोरांना याच पेटीतलं दूध. पहिला पेला मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर एक बाळ पिणार, म्हणजे पुण्याचे गुंतवणूकदार खूश. बाळ निवडायला त्यानं गर्दीवर नजर फिरवली.

"याचं नाव काय?"

"अमृत," आई म्हणाली. तिच्या कडेवर माझा तीन वर्षांचा भाऊ होता, नाकातून आलेलं चाटत.

"वा! अमृत पिणार अमृत! हेडलाइन मिळाली!"

आई, म्हणजे गुलाबताई, एवढी लाजली की पदर सावरताना अमृतच खाली पडायचा राहिला.

त्यानंतर नव्या किटलीत ताजं दूध ओतलं गेलं. रणधीरदादा म्हणाला, "आता सगळ्यांनी डोळे मिटून संकल्प करा." सगळ्यांनी मिटले. मी नाही मिटले. बुद्धवंदनेला मी डोळे मिटते, पण तिथं कुणी गुपचूप काही ओतत नाही! यानं खिशातून बाटली काढली आणि किटलीत थोडं पाणी सोडलं. पहिल्या रांगेत असल्यामुळं माझ्या नाकाला भस्सकन वास आला. झणझणीत, डोळ्यांतून पाणी काढणारा. हा वास मी कुठंतरी घेतलाय, नक्की घेतलाय!

"दादा, ते काय टाकलं?" मी विचारलं.

सगळ्यांचे डोळे उघडले. त्याचे जरा जास्तच.

"ऊर्जाजल," तो गोड हसला. "संस्कारित पाणी."

लगेच द्वारकाबाईंनी तीर्थ घ्यायला ओंजळ पुढं केली. आमच्याकडं हे असंच. दुकानातून आणलेलं तेल चार वेळा हुंगून बघतील, पण जल म्हटलं की त्यात काय आहे, हे कुणी विचारत नाही. तो दचकून मागं सरकला. "प्यायचं नाही! फार उग्र शक्ती आहे!"

तेवढ्यात द्वारकाबाईंची नात, म्हणजे माझी वर्गमैत्रीण राजेश्वरी, पुढं झाली. चेहरा अगदी भक्तिणीचा. "दादा, थोडं द्या की. देव्हाऱ्यात ठेवते." एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? दिलं बिचाऱ्यानं, एका छोट्या बाटलीत.

आम्ही दोघी ती बाटली घेऊन थेट आमच्या विज्ञानाच्या संघपाल सरांकडं गेलो. सरांनी झाकण उघडलं आणि डोकं मागं घेतलं.

"सर, हा आपल्या प्रयोगशाळेतला वास आहे. सापाच्या बरणीचा!"

"वाटतोय खरा. पण श्रावस्ती, वास आला म्हणजे सिद्ध झालं असं नाही. तो म्हणतो पेटीमुळं दूध टिकतं, तू म्हणतेस पाण्यामुळं. मग दोन्ही वेगळं करून बघ. आणि याला बोट लावू नका, विष असू शकतं."

म्हणून आम्ही एकाच म्हशीचं दूध दोन तांब्यांत घेतलं. केंद्राची किल्ली राजेश्वरीच्या घरी असते. तिनं साधं दूध, थेंबभरही जल न घालता, पेटीत मागच्या बाजूला सरकवलं. दुसऱ्या तांब्यात मी ऊर्जाजल टाकलं आणि तो आमच्या पत्र्याच्या छपरीत, जिथं शेळीसुद्धा दुपारी थांबत नाही, तिथं उंचावर ठेवला. वर चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये, विज्ञान चालू आहे.' रविवारी त्यात विरजण घातलं. विरजू नका म्हणाला होता ना? मग तर घालणारच!

आईला सांगितलं तर ती उसळली. "तुला काय बी चांगलं झालेलं बघवंना का गं? पयल्यांदा गावानं आपल्या लेकराला मानानं फुडं बोलावलंय."

ते खरं होतं. मी एवढंच म्हणाले, "आई, मान मिळू दे. फक्त पेला तोंडाला लावायच्या आधी माझ्याकडं बघ."

सोमवारी मांडव, स्पीकर, फुगे. अमृत नव्या सदऱ्यात. रणधीरदादानं चांदीचा पेला भरला, मोबाइल वर झाले, पेला अमृतच्या ओठांपर्यंत गेला. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. आणि माझ्या आईनं, त्या सगळ्या गर्दीसमोर, पेल्यावर हात ठेवला.

"थांबा. पोरीला काय तरी बोलायचंय."

छपरीतला तांब्या घेऊन मी स्टेजवर चढले. माइक हातात आला की मला काय होतं कोण जाणे! "आजी, पेटीत मागं एक तांब्या आहे. काढा."

द्वारकाबाईंनी काढला, झाकण उचललं आणि तोंड वाकडं केलं. "ई! पार फाटलंय की!"

"तुमच्याच पेटीतलं, दादा. फक्त तुमचं जल नव्हतं त्यात. आणि हा दुसरा आमच्या छपरीतला. यानं पेटी बघितलीसुद्धा नाही. यात जल आहे. विरजण घालून रात्र गेली. बघा, नासलंय का? दही लागलंय का?"

द्वारकाबाईंनी तांब्या कलता केला. दूध पाण्यासारखं हललं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"विरजण जित्तं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "ज्या दुधात विरजणबी मरतं, ते लेकराच्या पोटात जाऊन काय करंल?"

"हे आमचं ट्रेड सिक्रेट आहे!" रणधीरदादा ओरडला.

"मग तूच पी की बाबा," उत्तरेश्वरकाका म्हणाले.

"मला... मला दूध पचत नाही."

तेवढ्यात संघपाल सर प्रयोगशाळेतली बरणी घेऊन वर आले. आत वेटोळं घातलेला साप. त्यांनी झाकण किंचित उघडून बरणी द्वारकाबाईंपुढं धरली, मग ऊर्जाजलाची बाटली. गावातल्या सगळ्यात मानाच्या नाकानं निकाल दिला. "त्योच वास."

"याला फॉर्मलीन म्हणतात," सर म्हणाले. "मेलेले प्राणी कुजू नयेत म्हणून वापरतात. जे जंतू दूध नासवतात आणि जे दही लावतात, दोघांनाही ते मारतं. माणसालाही सोडत नाही. आणि दुधात थोडंसं मिसळलं की वासही कळत नाही. खात्रीसाठी नमुना तपासायला पाठवू."

"किती दिवसांपासून ताजा हाय वो हा साप?" कुणीतरी विचारलं.

"मी नोकरीला लागायच्या आधीपासून."

"म्हणजे खरं स्टार्टअप आमच्या शाळेतच आहे!" मी म्हणाले. "झिरो वीज, झिरो बर्फ!"

मांडव हसून हसून हलला. त्या गडबडीत रणधीरदादा जॅकेट सांभाळत गाडीकडं सटकला, पण बायकांनी गाडीपुढं दुधाच्या किटल्या मांडून ठेवल्या होत्या. पोलीस येईपर्यंत तो त्याच उन्हात उभा होता. तोवर आम्ही पेटी उघडली. तिच्या पोटात थर्माकोल, दोन सेल आणि खेळण्यातला निळा दिवा. बस! एवढ्यावर आम्ही नारळ फोडले होते.

आता कुणी म्हणेल, गावात नवीन काही आलं की ही पोरगी मोडता घालते. अजिबात नाही! विजेशिवाय दूध गार ठेवणारं खरं यंत्र मला हवंच आहे. मी आणि राजेश्वरी मोठ्या झाल्यावर तेच बनवणार आहोत. आमच्या यंत्रावर मात्र पाटी असेल, 'उघडून बघा, विचारा, विरजून बघा.'

तुम्हीही तेवढं करा. कोणी भगवं घालून येवो नाहीतर जॅकेट घालून, डोळे मिटा म्हणाला की उघडे ठेवा. आणि विरजू नका म्हणाला, तर घरी जाऊन आधी विरजण काढा.

अमृत त्या दिवशी काय प्यायला? उत्तरेश्वरकाकांच्या म्हशीचं दूध, आईनं उकळलेलं. संध्याकाळपर्यंत उरलेलं नासलं. आईनं ते फेकलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई, नासलं."