शून्याखालचे तीन लिटर

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे, तराजूचा नव्हे आणि पायात रुतणारा तर मुळीच नव्हे. मोटार चालवणाऱ्याच्या समोर जी काच असते, तिच्याआड बसून टाकीत किती पेट्रोल उरले ते सांगणारा मी काटा. अंगाने सडपातळ, टोकाला नारिंगी रंग. मला तोंड नाही, पण खरे सांगायची खोड जन्मापासूनची. जन्मभरात एकच खोटे माझ्या नावावर आहे आणि तेही मला शिकवूनच पाठवलेले.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. तिथे एक बाई दिवसभर चिमट्याने काटे उचलून जागेवर बसवायच्या. सगळे त्यांना काटेवाल्या बाई म्हणत. मला बसवून झाल्यावर त्या मोठ्या साहेबांना म्हणाल्या, "साहेब, काटा शून्यावर आला तरी टाकीत तीन लिटर राहू देत."

"मग लोक म्हणतील काटा खोटा!" साहेब म्हणाले.

"म्हणू देत की. घरी पोचून म्हणतील ना!"

साहेब हसले आणि कबूल झाले. बाईंनी माझ्यावर हळूच फुंकर मारली. माझ्या शून्याखाली तीन लिटर दडवलेले आहेत हे तेव्हापासून मला माहीत होते.

आमची गाडी ज्या घरी गेली, तिथले बाबा चष्म्याचे दुकान चालवायचे. अर्ध्या शहराच्या डोळ्यांचे नंबर त्यांनी काढले होते. आई दवाखान्यात रक्त तपासायची. गाडी तीच चालवायची, कारण बाबा चालवायला बसले की रस्ता सोडून दुकानांच्या पाट्या वाचत. त्यांच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. का म्हणत, ते तिला पाच मिनिटे एका जागी बसवून पाहिले की कळायचे.

बाबांचा एक लाडका शब्द होता, ॲव्हरेज. गाडी एका लिटरला किती किलोमीटर जाते, ते ॲव्हरेज. शेजारी, गिऱ्हाईक, पाहुणा, कुणीही भेटला की बाबा छाती फुगवून सांगायचे, "आमची गाडी वीसचं ॲव्हरेज देते!" हे वीस त्यांनी गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात वाचले होते. पुस्तकातल्या गाडीला रस्ता सपाट, चाकांत हवा भरपूर आणि टपावर चिटपाखरूही नसते. आमच्या गाडीत तीन माणसे, चार पिशव्या, चाकांत हवा अधूनमधून आणि चौकाचौकात थांबणे. आम्ही पंधरा-सोळा द्यायचो आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. मी रोज खरे ते दाखवायचो. बाबा बाजूच्या सीटवरून वाकून काचेवर टिचकी मारायचे. मी दचकून जरासा वर उडायचो. "बघ, अजून कितीतरी आहे," असे म्हणून ते आईला सुनावायचे. मला असा राग यायचा म्हणून सांगू!

आता माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाकडे येतो.

भिंगरीचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, आमच्यापासून चारशे वीस किलोमीटरवर एका रुंद नदीत लाँच चालवायचे. एकतीस वर्षे त्यांनी माणसे इकडून तिकडे नेली. आता नदीवर पूल झाला होता आणि लाँचची शेवटची फेरी संध्याकाळी पाचला होती. सुटताना वाजणारी पितळी घंटा त्या दिवशी भिंगरीने वाजवायची, असे आजोबांनी ठरवले होते. फोनवर त्यांनी बजावले, "पाच म्हणजे पाच. एकतीस वर्षांत मी कुणासाठी थांबलो नाही. लेकीसाठीही थांबायचा नाही." भिंगरी आठवडाभर ताटावर चमचा आपटून सराव करत होती.

बाबांनी सासऱ्यांसाठी आरामखुर्ची घेतली, लाकडी चौकटीची, जाड निळ्या कापडाची. खुर्ची घडीची होती. पण घडी केली तर कापडाला चुण्या पडतील, म्हणून बाबांनी ती उघडीच टपावर बांधली, पाठ ताठ करून. आई म्हणाली, "अहो, वाऱ्याला अडेल ती." बाबा म्हणाले, "फुल्ल टाकी, पस्तीस लिटर, वीसचं ॲव्हरेज. सातशे किलोमीटर! जायला पुरून उरेल."

निघालो. उशीर झाला होता म्हणून आईने गाडी जोरात हाणली. टपावरचे निळे कापड होडीच्या शिडासारखे फुगले आणि आम्हाला मागे ओढू लागले. इंजिन धापा टाकत पेट्रोल पिऊ लागले आणि मी भराभर खाली येऊ लागलो. इतक्या घाईने मी जन्मात कधी उतरलो नव्हतो.

तीनशे किलोमीटरवर पंप दिसला. तिथे ट्रकांची ही लांब रांग. आई म्हणाली, "काटा खाली आलाय, भरून घेऊ."

बाबा त्यांच्या जागेवरून वाकले. मित्रांनो, इथे एक गंमत आहे. मी आकड्यांना चिकटलेला नसतो, त्यांच्यापुढे बोटभर अंतर राखून उभा असतो. समोरून पाहिले तर मी खरा दिसतो. बाबांच्या बाजूने तिरके पाहिले तर जास्त भरलेल्या आकड्यावर दिसतो. "अगं, पाव टाकीच्या वर आहे!" टिचकी मारत बाबा म्हणाले. "रांगेत अर्धा तास जाईल. पुढच्या पंपावर घेऊ." आईने नाइलाजाने गाडी पुढे काढली.

पुढचा पंप आला. त्याच्याभोवती दोरी बांधलेली आणि आत मोठा खड्डा खणलेला. त्यानंतर नदीपर्यंत पंपच नव्हता.

पाऊण तास बाकी... नव्हे, सवा तास बाकी होता. पुन्हा घाबरलो बघा, आठवणीनेसुद्धा! पावणेचार वाजले होते आणि पासष्ट किलोमीटर उरले होते. मी लाल पट्टीत शिरलो. तेवढ्यात भिंगरी दोन सीटांच्या मधून डोके घालून एकदा इकडून, एकदा तिकडून पाहू लागली.

"बाबा, तुमच्या बाजूने काटा लालच्या वर आहे आणि आईच्या बाजूने लालमध्ये! गाडीत दोन काटे आहेत का?"

आईने गाडी कडेला घेतली. "अहो, या इकडे. माझ्या जागेवर बसा आणि सरळ बघा."

बाबा बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाले, "लोकांना आयुष्यभर सांगतो, पाटी समोर बसून वाचा, मान वाकडी करू नका. आणि मीच..."

"नंबर वाढलाय तुमचा," आई म्हणाली आणि तिला हसू फुटले. बाबाही हसले. पण भिंगरी हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होते. "घंटा दुसरं कुणीतरी वाजवेल का?"

बाबा ताडकन उठले. त्यांनी खुर्ची सोडली, चुण्यांची पर्वा न करता तिची घडी केली आणि मागच्या सीटवर आडवी घातली. थंड हवेचे यंत्र बंद केले. आईने गाडी चालू केली. बाबा घड्याळ बघत म्हणाले, "जोरात घे."

"नाही. आता हळू गेलो तरच पोचू."

पायाखाली अंडे असल्यासारखा तिने ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला. एक धक्का नाही, एक कचकन ब्रेक नाही. मी शून्यावर टेकलो. तिघेही श्वास रोखून माझ्याकडे पाहत होते आणि मला मात्र ओरडून सांगावेसे वाटत होते, घाबरू नका, खाली थोडे आहे! काटेवाल्या बाईंनी ठेवलंय! एक लिटर संपले. दुसरे संपले. तिसऱ्याचा तळ आला. आणि उतारावर नदी चमकली.

धक्क्यावर पोचताच इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झाले. पाचला सात मिनिटे कमी होती. भिंगरी दार उघडून धावली. आजोबा लाँचच्या काठाशी उभे होते आणि रस्त्याकडेच पाहत होते. ठीक पाचला तिने घंटा अशी वाजवली की काठावरची सगळी माणसे टाळ्या वाजवू लागली. फेरी संपवून आल्यावर आजोबा चुण्या पडलेल्या खुर्चीत बसून डोळे पुसत हसत होते. त्या दिवशी मला कुणी खोटा म्हणाले नाही.

पुढे बरीच वर्षे मी काम केले. बाबा त्यानंतर लोकांना सांगायचे, "आमची गाडी सोळा देते. आणि खुर्ची घेऊन गेलात तर त्याहून कमी!" गाडी थकली तेव्हा ती भंगारात गेली, पण बाबांनी मला काचेसकट काढून घेतले. आता मी त्यांच्या दुकानात, अक्षरांच्या पाटीशेजारी टांगलेला आहे. लोक चुकीच्या बाजूने पाहू लागले की बाबा माझ्याकडे बोट दाखवून ही गोष्ट सांगतात. कधी कधी माझ्यावर महिनाभर धूळ साचते. मग भिंगरी येते आणि फुंकर मारते. ती आता स्वतः गाडी चालवते, आणि निघण्याआधी चाकांतली हवा बघते.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतल्या काट्याकडे समोरून बघा, टिचकी मारू नका आणि टपावर शीड उभारू नका. दुकानात येणारी मुले मला पाहून म्हणतात, "बिचारा, कायमचा शून्यावर!" मी मनात हसतो. शून्याखाली किती असते, ते मला माहीत आहे.