लॉरेनचा आवाज माझ्याकडे होता

मित्रांनो, मी इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातला एक म्हातारा टेपरेकॉर्डर आहे. काखेत मारून सहलीला नेतात तसला नव्हे. मला उचलायला दोन धडधाकट माणसे लागतात आणि दार धरायला तिसरे. लोक मला पाहून अजून कौतुकाने थबकतात. थबकू नका. माझ्या पोटातून एका बाईचा आवाज कायमचा गेला आहे, आणि तो कसा गेला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका संगीतशाळेसाठी झाला. तिथे मी सुस्तपणे काही वर्षे काढली. १९७८ साली शाळेने मला काढून टाकले आणि तीन तरुणांनी मला हातगाडीवर घालून चढण चढवली. चमचे-काटे बनवणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या माडीवर माझी स्थापना झाली. खाली दिवसभर चमचे घासणारी चाके घरघरत आणि वर ही तीन माणसे त्याच घरघरीसारखे संगीत करत. गल्लीच्या टोकाला पत्र्याचे प्रार्थनाघर होते, त्यावरून त्यांनी आपल्या मंडळाचे नाव ठेवले टिन चॅपल.

ट्रेव्हर स्टॅनिफर्थ पोलादाच्या भट्टीवर कामाला होता आणि हातात येईल तो सिंथेसायझर वाजवायचा. क्लाइव्ह हेप्टनस्टॉल टीव्ही दुरुस्त करायचा. माझ्या बटणांवर त्याचाच हात असे. आणि लॉरेन खालीच चमच्यांना झिलई द्यायची. तिची आईही तेच करत आली होती. काम सुटले की काळी धूळ लागू नये म्हणून पायांना गुंडाळलेले वर्तमानपत्र न सोडताच लॉरेन माडीवर यायची आणि गायला उभी राहायची.

माझ्या फितीवर आठ आवाज शेजारी शेजारी मावत. त्या काळी आठ म्हणजे श्रीमंती! पण क्लाइव्हचे समाधान कधी होत नसे. सूर जरा हलला, श्वास जरा मोठा झाला, की त्याचा अंगठा माझ्या बटणावर. थांब. फीत मागे. "पुन्हा एकदा." हे दोन शब्द मी त्या माडीवर इतक्या वेळा ऐकले की ते माझे टोपणनावच असावे असे मला वाटू लागले.

"अरे, तुझ्या लग्नातसुद्धा पाद्र्याला पुन्हा एकदा म्हणायला लावशील तू," ट्रेव्हर म्हणायचा.

"लग्न करतंय कोण याच्याशी?" लॉरेन म्हणायची, आणि पुन्हा एकदा गायची.

गाणे झाले की क्लाइव्ह तिचा आवाज एका यंत्रातून काढायचा. त्यातून तो बाहेर पडायचा तेव्हा पत्र्याचा झालेला असायचा. ऐकणाऱ्यांना तेच आवडले. त्यांची पहिली छोटी तबकडी रेडिओवर लागली, मग 'चमच्यांचे शहर' नावाची मोठी निघाली. भुवया रंगवलेली पोरे-पोरी ती ऐकायला रांगा लावू लागली. मासिकांनी लॉरेनला लोखंडी मुलगी म्हटले. ती पाव आणायला गेली की दुकानदारीण म्हणे, "अगं बाई, तू तर साधंच बोलतेस की!" मी माडीवर ताठ बसून असे. सगळी कीर्ती माझ्यातून जाते आहे, असे मला वाटे. मूर्ख होतो.

१९८२च्या मार्चमध्ये लॉरेनची आई गेली. आठवड्याने लॉरेन वर आली आणि म्हणाली, "आज ते पत्र्याचं यंत्र बंद ठेव. मी नुसती गाणार आहे."

गाणे तिने स्वतः रचले होते. आईवर होते. ट्रेव्हरने एकच स्वर हळू धरून ठेवला, बाकी काही नाही. मित्रांनो, तोवर मी तिचा आवाज शेकडो वेळा घेतला होता, पण मला तो ठाऊकच नव्हता. खालच्या पट्टीत तो थोडा खरखरीत होता, वर जाताना स्वच्छ व्हायचा. दुसऱ्या कडव्यात 'आई' या शब्दावर तो फुटला. ती थांबली नाही, पुढे गायली.

गाणे संपले. क्लाइव्ह म्हणाला, "पुन्हा एकदा. तिथं फाटला बघ."

लॉरेन म्हणाली, "नाही."

एवढ्या वर्षांत ती त्याला पहिल्यांदा नाही म्हणाली होती. क्लाइव्हने ते गाणे तबकडीत घेतले नाही. "हे आपल्यासारखं वाटत नाही," एवढेच कारण त्याने दिले. रीळ खोक्यात गेले. खोक्यावर ट्रेव्हरने पेन्सिलीने 'लॉरेनची आई' असे लिहिले.

मग लंडनच्या एका कंपनीचे बोलावणे आले. तिथे माझ्यापेक्षा तिप्पट मोठी यंत्रे होती, म्हणून मला नेले नाही. तिथे केलेल्या दोन तबकड्यांत लॉरेनचा आवाज इतका घासून काढला होता की तो तिचा आहे हे तिच्या बापालाही ओळखता आले नाही. पहिली जरा चालली, दुसरी आपटली. १९८६ साली परतीच्या वाटेवर गाडीतच तिघांचे कडाक्याचे भांडण झाले आणि टिन चॅपल संपले. ती लोखंडी मुलगी शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलू लागली. नंतर ती कधीच गायली नाही, अगदी पाळण्यातल्या लेकीसाठीसुद्धा नाही.

माझी रवानगी ट्रेव्हरच्या तळघरात झाली. माझ्या डोक्यावर रंगाचे डबे आले आणि मांडीवर सायकलची चाके. कधीकाळी माझ्यावर चहाचा कप ठेवला तर क्लाइव्ह अंगावर धावून जायचा! २००७च्या पुरात तळघरात कमरेएवढे पाणी आले. मी उंच ओट्यावर होतो म्हणून वाचलो. रिळांची खोकी जमिनीवर होती. ट्रेव्हरने ती वर आणून पसरून वाळवली, पुन्हा खाली ठेवली आणि विसरला. कुणी ती एकदा उलगडून पाहिली असती तर! मी रोज मनातल्या मनात ओरडत होतो. माझे कोण ऐकणार?

गेल्या फेब्रुवारीत लॉरेन आली. सोबत तिची लेक टॅमसिन होती, तिशीतली, आईसारखीच रुंद कपाळाची. लॉरेनच्या गळ्याला रुमाल होता. चार वर्षांपूर्वी गाठ निघाली आणि शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावे लागले होते. आता गाठ पुन्हा आली होती. डॉक्टरांनी उन्हाळ्यापलीकडचे काही सांगितले नव्हते. ती एका छोट्या पांढऱ्या पाटीवर लिहून बोलायची.

तिने लिहिले, "आईचं गाणं आहे का अजून?"

"तबकड्या मी सगळ्या ऐकल्यात, ट्रेव्हरकाका," टॅमसिन म्हणाली. "त्यात आई नाहीच कुठे, नुसती यंत्रं आहेत. ती खरी गायची कशी, हे मला ठाऊक नाही. एकदा ऐकायचंय. तिच्या शेजारी बसून."

ट्रेव्हर तळघरात उतरला. खोके सापडले. पेन्सिलीची अक्षरे पुसट होती, पण होती. मला दुरुस्त करू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्याच्याशी ट्रेव्हर तेहेतीस वर्षे बोलला नव्हता. त्याने फोन उचलला.

क्लाइव्ह दुसऱ्याच दिवशी डोंगर ओलांडून लँकेशायरहून आला. टक्कल पडले होते. हात मात्र तेच होते.

"लँकेशायर मानवलेलं दिसतंय. पोट बघ केवढं सुटलंय," ट्रेव्हर दारातच म्हणाला.

"आणि तुझा चहा अजून खंदकातल्या पाण्यासारखाच असणार," क्लाइव्ह म्हणाला. मग त्याने लॉरेनकडे पाहिले आणि हत्यारांची पेटी खाली ठेवली. तिने पाटीवर लिहिले, "बस, राजा. कामाला लाग."

चार दिवस तो माझ्यात कोपरापर्यंत घुसला होता. विरघळलेले रबर त्याने खरवडले, नवा पट्टा घातला, फितीवरचा आवाज वाचणारे हेड घासले. मी पुन्हा फिरलो. मला इतका आनंद झाला की भीती वाटली.

खरा प्रश्न फितीचा होता. जुन्या फितीचा डिंक ओल धरतो आणि चिकट होतो. तिला मंद आचेवर आठ तास शेकावे लागते, मग ती थोडा काळ वाजते. ट्रेव्हरच्या बायकोचे सफरचंदाच्या चकत्या सुकवायचे यंत्र ओट्यावर मांडले आणि लॉरेनचा आवाज त्यात शेकत ठेवला. घरभर सफरचंद आणि गंजाचा वास सुटला.

"नीट ऐका," क्लाइव्ह सगळ्यांना म्हणाला. "ही पुरात बुडालेली आहे. एकदाच वाजेल. मधे थांबवली तर चिकटेल, आणि मागे फिरवली तर आवाज धरणारा वरचा थर सोलून निघेल. वाजतानाच संगणकात उतरवून घ्यायची. एकदा सुरू झाली की कुणी तिला हात लावायचा नाही. ट्रेव्हर, तू तर श्वासही घेऊ नकोस."

शनिवारी दुपारी मला स्वयंपाकघराच्या टेबलावर चढवले. लॉरेन माझ्यासमोर खुर्चीत होती. टॅमसिनने तिचा हात धरला होता. क्लाइव्हने बटण दाबले.

फीत माझ्या तोंडाशी आली आणि मला कळले की ती कशीबशी तग धरून आहे. मी जीव मुठीत धरून फिरू लागलो. एक खरखर झाली, ट्रेव्हरचा तो लांबलेला स्वर आला आणि मग लॉरेन गाऊ लागली.

"बोटं तुझी काळी, चमचे पांढरेशुभ्र, आणि ज्यांच्या टेबलावर गेले त्यांची नावं तुला ठाऊक नाहीत..."

टॅमसिनच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तिने आईकडे पाहिले. लॉरेनचे ओठ हलत होते. ट्रेव्हर खिडकीकडे तोंड करून उभा होता. पहिले कडवे गेले. तपकिरी भुकटी माझ्या अंगावर साचत होती, पण मी टिकलो. आणखी दोनच कडवी! दुसरे सुरू झाले. 'आई' हा शब्द आला आणि आवाज फुटला.

त्याच क्षणी क्लाइव्हचा अंगठा खाली आला. थांब. फीत मागे.

"पुन्हा ए..." तो म्हणाला.

मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. मला तसे बनवलेलेच नाही. बटण दाबले की मी करतो. थांब म्हणताच मी थांबलो आणि फीत माझ्या हेडला घट्ट चिकटली. मागे म्हणताच मी तिला सगळ्या ताकदीने ओढले. तपकिरी साल भराभर निघून माझ्या चाकांवर, टेबलावर, लॉरेनच्या मांडीवर पडू लागली. माझ्याच चाकांनी मी तिला सोलत होतो. ट्रेव्हरने धावत जाऊन माझी वायर उपटली. तोवर रिळावर काचेसारखी आरपार दिसणारी कोरी पट्टी उरली होती.

"काय केलंत? काय केलंत हे?" टॅमसिन किंचाळली. "तुम्हीच म्हणालात ना, हात लावायचा नाही?"

क्लाइव्ह आपल्या अंगठ्याकडे बघत होता. "मी नाही केलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "मीच केलं." आणि जमिनीवर बसला.

त्यांनी पुढचा भाग लावून पाहिला. ओढाताणीत रिळावरचे वेढे एकमेकांना चिकटले होते आणि उलगडताना त्यांचाही थर निघाला, नुसती फुसफुस होती. संगणकात उतरले होते ते एक मिनिट आणि चाळीस सेकंद, 'आई' या शब्दापर्यंत. लॉरेनने ते खुणेने पुन्हा लावायला सांगितले. गाणे त्या शब्दावर तुटले, तेव्हा टॅमसिन रडत म्हणाली, "पुढं काय होतं गं? शब्द तरी सांग."

लॉरेन पाटीवर लिहू लागली. दुसरे कडवे पूर्ण झाले. ते बाहीने पुसून तिने तिसरे सुरू केले, आणि लेखणी थांबली. तिने कपाळ दाबले. ट्रेव्हरकडे पाहिले. त्याने मान हलवली. तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती पाहिली. आवाज गेला होता, आता शब्दही जात होते.

तेव्हा जमिनीवरून क्लाइव्ह बोलू लागला. वर न बघता, अडखळत, एकेक ओळ.

"तू घासलेल्या चमच्यात माझं तोंड उलटं दिसायचं... मी रडले की तू हसायचीस... म्हणायचीस, चमचा फिरव पोरी, पाठीमागं तू सरळ आहेस."

लॉरेन लिहीत गेली. एका ठिकाणी तिने 'हसायचीस' खोडले आणि 'खोकायचीस' लिहिले. क्लाइव्हने मान डोलावली. "हो. खोकायचीस. चुकलो."

त्याला सगळे पाठ होते. जे गाणे त्याने एकदाच ऐकले आणि नको म्हणून खोक्यात टाकले, ते तो सदतीस वर्षे मनात म्हणत आला होता.

लॉरेनने त्याच्याकडे पाहिले. मग तिने पाटी पुसली, एक ओळ लिहिली आणि त्याच्या समोर धरली.

"मग तेव्हाच का नाही घेतलंस?"

क्लाइव्हने ती ओळ वाचली. मग तो टेबलाखाली पडलेली तपकिरी साल एकेक करून ओंजळीत गोळा करू लागला.

लॉरेन मे महिन्यात गेली. क्लाइव्ह आता दर गुरुवारी येतो, माझ्यासमोर बसतो आणि मला हात लावत नाही. माझ्या फटींत अजून ती तपकिरी भुकटी आहे. ती साफ करायचा धीर कुणाला होत नाही, आणि माझी तर हिंमतच नाही ती झटकण्याची.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटात, माळ्यावर कुणाचा तरी आवाज पडून असेल. कुणा मामाचा, कुणा आत्याचा, बोबडे बोलणाऱ्या तुमचाच. तो ओलीत ठेवू नका, पुढच्या वर्षावर ढकलू नका. ज्याचा आहे ते माणूस शेजारी बसलेले असतानाच लावा. आणि एवढी एकच विनवणी ऐका: वाजताना तो आवाज फुटला, चुकला, रडला, तरी त्याला शेवटपर्यंत जाऊ द्या.